वाचकांचे प्रश्न : नवीन इंजेक्टर टाकला तरी परत तोच त्रास

या वेळी आलेल्या पत्रांत इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाच्या, तक्रारी इतक्या आहेत की बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळी जागा यालाच देतोय.

प्रश्न : सर नमस्कार. माझा सहा सिलिंडरचा कॉमन रेल ट्रक आहे. वर्षाच्या आत आधी दोन नंबरचा इंजेक्टर गेला, तो बदलला, मग पाच नंबर, मग एक नंबर आणि आता परत दोन नंबर मिस मारतोय. लोडवर पिकअप नाही, आयडलला गाडी हलते, सकाळी सेल खूप वेळ मारावा लागतो. दर वेळी नवीनच इंजेक्टर टाकला, फिल्टरपण वेळेवर बदलतो. एक मिस्त्री म्हणतो सहाही एकदम बदला, दुसरा म्हणतो माल डुप्लिकेट येतोय, तिसरा म्हणतो पंपच बदला. नक्की कोणाचं ऐकू?
— एक ट्रकमालक

उत्तर : दादा, आत्ता तिघांचंही थांबवा. तिघंही काय बदलायचं ते सांगतायत, इंजेक्टर कशामुळे जातोय हे एकानेही सांगितलेलं नाही. इंजेक्टर एकदा गेला तर समजू शकतो, पण वेगवेगळ्या सिलिंडरचे एकापाठोपाठ एक जातायत म्हणजे त्यांना काहीतरी मारतंय, आणि जे मारतंय ते सगळ्यांपर्यंत पोचतंय. सगळ्यांपर्यंत पोचणारी गोष्ट एकच, डिझेल. त्यामुळे तुमच्या केसमध्ये शोध टँकपासून सुरू करायचा, हेडपासून नाही. आणि कारण न शोधता सहाही बदलले तर फक्त सहा नवीन इंजेक्टर त्याच घाणीत घातल्यासारखं होईल.

आधी एक विचारतो, काढलेले जुने इंजेक्टर आहेत का तुमच्याकडे? नसतील तर इथून पुढे एकही फेकू नका. काढला की त्यावर सिलिंडर नंबर आणि किलोमीटर लिहून, दोन्ही टोकांना टोप्या लावून पिशवीत ठेवा. लोक नेमकं हेच करत नाहीत, जुना माल भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर सगळा पुरावा पण जातो. चांगल्या पंप-नोझल वर्कशॉपमध्ये तो उघडून मायक्रोस्कोपखाली बघितला की बरंच कळतं. नोझलच्या सुईवर उभे बारीक चकचकीत ओरखडे असतील तर डिझेलमधून कडक कण आलेत. तपकिरी गंजाचे ठिपके असतील तर पाणी. टोकाला निळसर झाक आली असेल तर नोझल जास्त तापलंय. सुईवर पिवळसर तपकिरी चिकट पॉलिशसारखा थर असेल आणि ती अडकत असेल तर डिपॉझिट. आणि वरच्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या बॉलच्या सीटवर केसासारखी आडवी चर पडलेली दिसली तर हाय प्रेशर डिझेल तिथून सतत निसटतंय, बॅक लीक, म्हणजे रिटर्न लाईनने टँकमध्ये परत जाणारं डिझेल, वाढतो तो बऱ्याचदा यामुळेच. तुमच्या गाडीला सकाळी जास्त सेल मारावा लागतो त्यावरून मला पहिला संशय याच बॅक लीकचा आहे, कारण सेल मारताना पंप हळू फिरतो, रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक जाड नळीत, जेवढं डिझेल येतं त्यातलं बरंचसं रिटर्नने निघून जातं आणि गाडी चालू व्हायला लागणारं प्रेशरच बनत नाही.

इथे मापं किती बारीक आहेत ते सांगतो म्हणजे घाणीचा मुद्दा लक्षात येईल. कॉमन रेलमध्ये आयडलला साधारण ३०० ते ४०० बार प्रेशर असतं आणि फुल लोडला १६०० ते २०००, काही नव्या इंजिनात २५०० बारपर्यंत. एवढं प्रेशर धरून ठेवायला इंजेक्टरच्या आत सरकणाऱ्या भागांमधली फट २ ते ४ मायक्रॉनची असते, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो आणि ४० मायक्रॉनच्या खालचा कण नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे तुम्ही बाटलीत डिझेल घेऊन उजेडात धरलं आणि स्वच्छ दिसलं तरी ते इंजेक्टरसाठी स्वच्छ आहे असं होत नाही.

आता तुम्ही फिल्टर वेळेवर बदलता म्हणालात, ते चांगलंच आहे, पण कसा बदलता ते बघा. नवीन फिल्टर लावायच्या आधी तो कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायची सवय बऱ्याच गॅरेजमध्ये आहे, एअर लवकर निघते म्हणून. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जातं, म्हणजे ते न गाळलेलं डिझेल थेट पंपात आणि तिथून इंजेक्टरमध्ये. जो फिल्टर घाण अडवायला लावला त्याच्याच हातून घाण आत गेली. मेन फिल्टर कोरडाच बसवायचा आणि हँड प्रायमरने एअर काढायची, हात दुखले तरी चालतील. दुसरं म्हणजे फिल्टरचा मायक्रॉन. वॉटर सेपरेटरवाला पहिला फिल्टर १० ते ३० मायक्रॉनचा असतो आणि मेन फिल्टर २ ते ५ मायक्रॉनचा, दिसायला आटे सारखे म्हणून भलताच फिल्टर बसतो पण गाळतो मात्र जाडं.

काढलेला फिल्टर पण फेकू नका, कापा. पत्रा कापून आतला कागद पंख्यासारखा उघडून पांढऱ्या कपड्यावर पसरवा. काळा बुळबुळीत थर असेल आणि आंबट घाण वास असेल तर टँकमध्ये जंतू वाढलेत, ते पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढतात, म्हणजे खाली पाणी साचलेलं आहेच. लालसर तपकिरी पावडर म्हणजे टँक आतून गंजलाय. पांढरे खडे दिसले तर युरियाचा (सायलेन्सरमधला धूर साफ करायला वापरतात तो) कॅन आणि डिझेलचा कॅन किंवा नरसाळं एकच वापरलं गेलंय का ते ड्रायव्हरला शांतपणे विचारा, ओरडलात तर खरं सांगणार नाही.

टँकच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढा, वरून नाही, तळातूनच, आणि रात्रभर हलवू नका. सकाळी खाली पाण्याचा वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला की अर्धं उत्तर मिळालं. बायोडिझेल मिसळलेलं डिझेल साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरतं, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टँक रिकामा ठेवून लावू नका, रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंडीत आत जमते. आणि सेपरेटरच्या खालचा पाण्याचा सेन्सर जोडलेला आहे ना तेही बघा, लाईट सारखी लागते म्हणून त्याचं कनेक्शनच काढून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, असं करणाऱ्यावर मला मनापासून राग येतो कारण त्या एका लाईटने हजारोंचा माल वाचला असता.

डिझेल ड्रममध्ये साठवत असाल तर ड्रम आणि हातपंप दोन्ही तपासा. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी डिझेलसाठी वापरायची नाहीत, जस्त अगदी थोडं जरी डिझेलमध्ये उतरलं तरी नोझलच्या भोकांत कार्बन धरायला मदत करतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता पंपाबद्दल. तिसरा मिस्त्री चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही, पण अंदाजाने पंप बदलायचा नसतो. हाय प्रेशर पंप मेन फिल्टरच्या पुढे असतो, त्यामुळे पंप आतून झिजून धातूचा भुगा सोडायला लागला तर तो गाळायला पुढे काहीच नाही, सरळ रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये. पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा, काढा, त्याच्या जाळीवर आणि तो बसतो त्या खड्ड्यात टॉर्च मारा, चमकी दिसते का बघा. बोटावर घेऊन चोळली की चंदेरी चमकते ती चमकी. ती दिसली तर मग मात्र काटकसर करू नका, पंप, रेल, हाय प्रेशर पाईप, इंजेक्टर हे सगळं एकदम बघावं लागतं आणि टँक व रिटर्न लाईनसुद्धा धुवावी लागते कारण रिटर्नने तो भुगा टँकमध्ये परत गेलेला असतो. नुसता पंप किंवा नुसते इंजेक्टर बदलले तर उरलेला भुगा नवीन मालाला खातो. चमकी नसेल तर पंपाला हात लावू नका.

राहिलं सक्शन. टँकपासून पंपापर्यंत कुठे लाईन चेपलीय का, जाळी तुंबलीय का, टँकच्या झाकणाचं वेंट बंद झालंय का, कुठून हवा ओढली जातेय का. फिल्टरच्या पुढे थोडा वेळ पारदर्शक पाईपचा तुकडा लावून बघा, बुडबुडे सतत येत असतील तर ते आधी बंद करा, कारण डिझेल हेच पंपाचं आणि इंजेक्टरचं वंगण आहे, हवा आली की वंगण गेलं. टँक नेहमी तळाला आलेला चालवायची सवय असेल तर तीपण सोडा, थोडंसंच डिझेल पुन्हा पुन्हा फिरून गरम होतं, पातळ होतं आणि तळातला गाळ पण ओढला जातो.

आणि डुप्लिकेट मालाचं म्हणाल तर ते सगळ्यात शेवटी तपासा. वर सांगितलेलं सगळं नीट निघालं तरच.

प्रश्न : सर, मी फिटर आहे. एका ट्रकचा कायम तीनच नंबरचा इंजेक्टर जातो, बाकी पाच अजून पहिलेच आहेत आणि बेस्ट चालतात. डिझेल, फिल्टर सगळं तपासलं, स्वच्छ आहे. नवीन टाकला की काही दिवस ठीक, मग परत स्कॅनरवर तीन नंबर. मालकाला काय सांगू समजत नाही.
— एक फिटर

उत्तर : मित्रा, वरच्या दादांच्या अगदी उलट केस आहे तुझी आणि एका अर्थाने सोपी आहे. डिझेल खराब असतं तर बाकीच्या पाचांनी पण कुरकुर केली असती. म्हणजे दोष तीन नंबरच्या जागेत आहे, इंजेक्टरमध्ये नाही.

सगळ्यात आधी हाय प्रेशर कनेक्टर काढ, म्हणजे हेडमधून आडवी जाऊन इंजेक्टरच्या अंगाला टेकते ती छोटी जाड नळी, तुझ्या इंजिनात असेल तर. तिचं टोक भिंगाखाली धर. कोनावर सगळीकडे सारख्या रुंदीची, न तुटलेली चकचकीत गोल रिंग दिसली पाहिजे. एका बाजूला रुंद आणि एका बाजूला अरुंद असेल, किंवा रिंगला छेदून जाणारा बारीक चरा असेल तर तिथून डिझेल निसटून रिटर्नमध्ये जातंय. आता गंमत बघ, ते रिटर्नमध्येच जातं त्यामुळे बाहेर एक थेंब दिसत नाही, बॅक लीक मोजला तर तीन नंबरचा जास्त येतो, आणि दोष लागतो बिचाऱ्या इंजेक्टरला. नवीन इंजेक्टर टाकताना जुनाच कनेक्टर परत लावला असशील तर माझी पैज इथेच आहे. बऱ्याच इंजिनात इंजेक्टरबरोबर कनेक्टरही नवीन घ्यायचा असतो आणि क्लॅम्प आधी की कनेक्टर आधी, कोणता किती टॉर्कला, हा क्रम इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो क्रम चुकला तर इंजेक्टर खड्ड्यात तिरका दाबला जातो, आतली सुई जड चालते आणि काही दिवसांत तो जातो. हाताच्या अंदाजाने आवळू नकोस, टॉर्क पाना घे.

मग इंजेक्टरचा बोअर, म्हणजे हेडमध्ये तो बसतो ते भोक. तळाशी कार्बनचा तुकडा राहिला किंवा जुना तांब्याचा वॉशर आत चिकटून राहिला आणि त्यावर नवीन वॉशर बसला तर नोझल वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत ठरलेल्या जागी पडत नाही, कार्बन वाढतो. आणि वॉशर नीट बसला नाही तर जळता गॅस वर येऊन नोझलला भाजतो. जुन्या तीन नंबरच्या नोझलवर निळी झाक किंवा अंगावर काजळीचा पट्टा आहे का बघ, असेल तर उत्तर हेच. सीट कटरने साफ कर, निघालेली घाण सिलिंडरमध्ये पडणार नाही याची काळजी घे. बोअरमधल्या स्लीव्हला (इंजेक्टरभोवतीच्या नळीला) तडा आहे का तेही बघ, रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा रिटर्नचं डिझेल काळं येणं या खुणा सोडू नकोस. त्याच सिलिंडरचं कम्प्रेशनही एकदा मोजून टाक.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर वायरिंग. हेड कव्हरच्या आतली वायर तापून कडक होते आणि घासते. इंजेक्टरच्या कॉइलचा रेझिस्टन्स बऱ्याचदा १ ओमच्याही खाली असतो, म्हणून आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून त्यांचाच रेझिस्टन्स बघ आणि तो वजा कर, नाहीतर रीडिंग फसवतं. मोजताना वायर हलवत राहा. बऱ्याच सहा सिलिंडर इंजिनात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तीन-तीन इंजेक्टरचे दोन गट करून चालवतो, त्यामुळे एका गटातले तिन्ही एकदम बंद पडत असतील तर तीन इंजेक्टर एकाच दिवशी मेले असं समजू नकोस, त्या गटातली एखादी वायर कुठेतरी शॉर्ट असेल.

मालकाला दाखवायला एक टेस्ट कर. तीन नंबरचा इंजेक्टर पाचमध्ये आणि पाचचा तीनमध्ये टाक, वॉशर नवीन, इंजेक्टरच्या अंगावरचे कोड पण स्कॅनरने अदलाबदल करून. दोष पाचला गेला तर इंजेक्टर खराब, तीनलाच राहिला तर जागा खराब. मालक स्वतः स्कॅनरवर बघेल, वाद राहणार नाही.

प्रश्न : नमस्कार. आमचे दोन ट्रक आहेत, गाड्या मिस्टर बघतात आणि हिशोब मी. आता इंजेक्टर रिपेअर करून घ्यायचे की नवीन, यावरून घरात चर्चा चालू आहे. रिपेअरचे गेल्या वेळी टिकले नाहीत, आणि बसवल्यावर गाडी खडखड आवाज करत होती ती वेगळीच.
— एक वाचक

उत्तर : ताई, रिपेअर वाईट नसतं, अर्धवट रिपेअर वाईट. नुसतं नोझल बदलून कंट्रोल व्हॉल्व्ह जुनाच ठेवला तर फवारा सुधारतो पण बॅक लीक तसाच राहतो, तो टिकणार कसा. त्यामुळे वर्कशॉपला दोन गोष्टी विचारा, आत काय काय बदललं आणि टेस्ट बेंचचा छापील रिपोर्ट कुठाय. रिपोर्टमध्ये फुल लोड, मधला लोड, आयडल आणि मुख्य फवाऱ्याच्या आधीचा छोटा पायलट फवारा या सगळ्या पॉइंटची मापं आणि रिटर्न किती आला ते असायला हवं. फक्त फुल लोडला पास केलेला इंजेक्टर आयडलला गाडी हलवू शकतो.

खडखड आवाजाचं म्हणाल तर कोड टाकला होता का ते विचारा. प्रत्येक इंजेक्टर बनवताना किंचित वेगळा निघतो, म्हणून त्याच्या अंगावर अक्षरं-आकड्यांचा कोड असतो आणि तो स्कॅनरने ईसीयूमध्ये त्याच सिलिंडरसमोर भरायचा असतो. पूर्ण रिपेअर झाल्यावर जुना कोड लागू पडत नाही, टेस्ट बेंचवरून नवीन कोड काढून द्यावा लागतो. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांच्याकडून कोडवाल्या इंजिनाचं काम घेऊ नका. बिलावर सिलिंडर नंबर, कोड आणि किलोमीटर लिहून घ्या, हिशोब तुम्ही ठेवताच तर ही वही पण तुमच्याच हाती असू दे, पुढच्या वेळी मिस्त्रीला अर्धं काम तयार मिळेल. आणि इंजिन ऑइलची लेव्हल वर चढतेय का यावर लक्ष ठेवायला सांगा, चढत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, तशी गाडी चालवायचीच नाही, बेअरिंग जातील.

प्रश्न : डिझेलमध्ये थोडं टू स्ट्रोक ऑइल किंवा गाळलेलं जुनं इंजिन ऑइल टाकलं तर इंजेक्टरला वंगण मिळतं म्हणतात, टाकू का?

उत्तर : नको. नियमातल्या डिझेलमध्ये वंगणाचा गुण आधीच ठेवलेला असतो, त्याची टेस्ट असते, युरोपच्या ईएन ५९० मानकात त्या टेस्टमधला झिजेचा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. जुन्या इंजिन ऑइलमध्ये काजळी, धातू आणि जस्ताची रसायनं असतात, म्हणजे वर ज्याच्यापासून वाचवायचं सांगितलं तेच आपण हाताने ओततोय. रॉकेल तर अजिबात नको, त्याने डिझेल पातळ होतं आणि वंगण कमी होतं.

प्रश्न : जुन्या गाडीत चालू इंजिनवर एकेक पाईपचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मिस मारतो ते शोधायचो. कॉमन रेलला तसं करता येतं का?
— एक जुना मेकॅनिक

उत्तर : काका, कृपा करून करू नका, आणि हाताखालच्या पोरांनाही करू देऊ नका. त्या नटामागे शेकडो बार प्रेशर आहे, बारीक धार कातडी भेदून आत जाते. मिस शोधायला स्कॅनरने एकेक सिलिंडर बंद करून बघा, ज्याला बंद केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर कामचुकार. कोणता इंजेक्टर प्रेशर सोडतोय ते बघायचं तर इंजिन बंद करून, रेलचं प्रेशर उतरल्याचं स्कॅनरवर पाहून, रेलवरची त्या सिलिंडरची लाईन काढून तिथे कंपनीची हाय प्रेशर टोपी लावायची, मग सेल मारून रेल प्रेशर किती बनतं ते बघायचं. ज्याची लाईन बंद केल्यावर प्रेशर पटकन वर चढलं त्याच सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कनेक्टर गळतोय. नट उघडताना आजूबाजूची माती आधी साफ करा आणि उघड्या तोंडांना लगेच टोप्या लावा. कुठे गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, हात नाही.

आणि कधी कोणाला धार लागलीच तर टोचल्यासारखा एवढासा ठिपका दिसतो, दुखत पण नाही फारसं, म्हणून लोक फडका बांधून कामाला लागतात. तसं करू नका. डिझेल आत पसरून बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. त्याच क्षणी हॉस्पिटलला न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हाय प्रेशरने डिझेल कातडीच्या आत गेलंय, नुसतं खरचटलंय असं सांगू नका.